दुपारनंतर डीबगर फाइल उघडेना: गळती शोधायची कशी आणि बंद करायची कशी

लक्षणं

डीबगर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधले दोष शोधायला वापरायचा प्रोग्रॅम, सकाळी बरा चालतो. प्रोग्रॅम चालवा, थांबवा, कोड बदला, बिल्ड करा, पुन्हा चालवा, असं करत दुपार झाली की एका क्षणी तो सिंबॉल (प्रोग्रॅममधल्या फंक्शन-व्हेरिएबलांची नावं आणि पत्ते) वाचायला नकार देतो. फाइल जागेवर असते, परवानग्या ठीक असतात, शेजारच्या टर्मिनलवर तीच फाइल निमूट उघडते. निपाणीकडच्या साइटवरून फोन येतो तो असा: "सर, फाइल हाय की तिथंच. बघितलो मी. तरी न्हाई म्हणतंय." डीबगर बंद करून परत सुरू केला की सगळं सुरळीत, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नाही. आठवड्याने पुन्हा फोन.

हाच दोष, म्हणजे उघडलेल्या फाइली बंद करायच्या राहणं, ज्याला इथे गळती म्हटलंय, इतर वेषांतही येतो. डिस्क भरली म्हणून ओरड होते, पण फोल्डर मोजले तर तेवढा ऐवज सापडत नाही. पुसलेली लॉग फाइल डीबगरने अजून उघडी धरलेली असते आणि शेवटचा धरणारा सोडत नाही तोवर लिनक्स ती जागा मोकळी करत नाही. पेनड्राइव्ह काढायला जावं तर "बिझी". डीबगर बंद केला तरी त्याचा पोर्ट अडकून बसलेला. विंडोजवर असाल तर लिंकरला (बिल्डच्या शेवटी एक्झी बनवणाऱ्या साधनाला) नवी एक्झी लिहिता येत नाही, कारण जुनी कुणीतरी उघडून ठेवलीय.

आणखी एक लक्षण दिसतं कमी, पण वाईट जास्त: लॉगच्या ओळी भलत्याच फाइलमध्ये जातात किंवा मशीनशी चाललेलं कनेक्शन कारणाशिवाय तुटतं. तिथे फाइल बंद करायची राहिलेली नसते, ती दोनदा बंद झालेली असते. त्याकडे पुढे येतोच.

आमचं काम बेळगावच्या उद्यमबागेतलं. हायड्रॉलिक प्रेस आणि तत्सम मशीनवर बसणारा कंट्रोल प्रोग्रॅम आणि तो तपासायला आमचाच एक डीबगर, लिनक्सवर चालणारा. मूळ कोड सी मधला, नंतर सी प्लस प्लस कंपायलरखाली आणलेला. असा वारसा असलेल्या कुठल्याही डीबगरमध्ये ही गळती हमखास निघते, म्हणून तपासण्या स्वस्तातून महागाकडे अशा क्रमाने देतोय. आज्ञांची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाकायची.

पहिली तपासणी: कर्नल काय म्हणाला ते छापून घ्या

याला पैसा लागत नाही आणि निम्मी प्रकरणं इथेच उलगडतात. जुन्या कोडमध्ये एफओपन (फाइल उघडणारं फंक्शन) फसलं की एकच ठरलेला संदेश येतो, 'सिंबॉल फाइल सापडली नाही'. हा निष्कर्ष कोड लिहिणाऱ्याचा. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) सांगितलेलं खरं कारण एर्नो नावाच्या व्हेरिएबलमध्ये आकड्याच्या रूपात पडून असतं आणि तिकडे कुणी बघत नाही. तो आकडा छापा. २ असेल तर फाइल खरोखरच नाही. १३ असेल तर परवानगीचा घोळ. २४ म्हणजे या प्रोसेसने उघडायच्या फाइलींचा कोटा संपला, आणि हा लेख तुमच्यासाठी आहे. २३ म्हणजे अख्ख्या मशीनचा कोटा संपला, तेव्हा दोष कदाचित तुमच्या प्रोग्रॅमचा नसेलही.

आकडा छापताना एक पथ्य पाळा. फाइल उघडण्याचा प्रयत्न आणि छापण्याची ओळ यांच्यामध्ये दुसरं कुठलंही फंक्शन बोलावू नका, लॉगिंगचंसुद्धा नाही. ते एर्नो बदलून टाकू शकतं आणि मग तुम्ही दुसऱ्याच आजाराचं औषध शोधत बसाल. आधी स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या, मग काय छापायचं ते छापा.

दुसरी तपासणी: मर्यादा बघा, पण वाढवू नका

'यूलिमिट -एन' टाका. बहुतेक लिनक्सवर १०२४ दिसेल. इथे प्रत्येकाला पहिली बुद्धी होते ती मर्यादा वाढवण्याची, आणि साइटवरची मंडळी फोनवर तेच मागतात, कारण तेवढ्याने आजचा दिवस निघतो. डीबगरच्या बाबतीत हे नुसतं पुढे ढकलणंही नाही, धोक्याचं आहे. तुमचा इव्हेंट लूप (फाइली-सॉकेटांवर काही घडतंय का याची वाट बघणारा कोड) अजून सिलेक्ट हा कॉल वापरत असेल तर ग्लिबसीमध्ये (लिनक्सच्या सी लायब्ररीत) त्याच्या संचात १०२३ पर्यंतचेच डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींना कर्नलने दिलेले नंबर) मावतात. मर्यादा ४०९६ केली आणि १०२४ नंबरचा डिस्क्रिप्टर त्या संचात घातला की लिखाण संचाबाहेरच्या मेमरीत होतं. म्हणजे आधी फाइल उघडत नव्हती, आता डीबगर कुठेही कोसळेल.

त्याऐवजी मर्यादा कमी करा. नव्या टर्मिनलमध्ये 'यूलिमिट -एन ४०' आणि तिथूनच डीबगर सुरू करा. दुपारपर्यंत वाट बघायला लावणारा दोष चहा यायच्या आत समोर येतो. फक्त लक्षात ठेवा, ज्या प्रोग्रॅमचं डीबगिंग चाललंय तो डीबगरच्या पोटातूनच जन्मतो, त्यामुळे त्यालाही हीच ४० ची मर्यादा लागू होते. तक्रार कुणाची आहे, डीबगरची की त्याची, ते आधी बघा.

तिसरी तपासणी: उघड्या फाइलींची हजेरी

डीबगर चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवरून '/प्रॉक' खाली त्याच्या प्रोसेस क्रमांकाच्या फोल्डरात जा आणि 'एफडी' या फोल्डरावर 'एलएस -एल' चालवा. उघडी असलेली प्रत्येक फाइल, सॉकेट, पाइप तिथे नंबरासकट दिसते. एकदा यादी घ्या, प्रोग्रॅम एकदा चालवून थांबवा, पुन्हा यादी घ्या. संख्या किती आहे याला महत्त्व नाही, प्रत्येक फेरीला ती वाढते का, याला आहे.

आमच्या एका बिघाडात ०, १, २ टर्मिनलकडे होते, ३ वर सेशन लॉग, मग दोनचार सॉकेट आणि पाइप, आणि ११ पासून पुढे प्रत्येक ओळीत एकच नाव: प्रेस-कंट्रोलची सिंबॉल फाइल. शेवटची ओळ सोडून सगळ्यांपुढे 'डिलीटेड' हा शेरा. तो शेरा फार बोलका. प्रत्येक बिल्डला लिंकर जुनी फाइल काढून त्याच नावाने नवी बनवतो, त्यामुळे डीबगरच्या हातात राहिलेली प्रत्येक जुनी प्रत 'पुसलेली' म्हणून दिसते. म्हणजे दर रीबिल्डनंतर सिंबॉल पुन्हा वाचणाऱ्या वाटेवरच गळती आहे, एवढं कोड न उघडताच कळलं.

मात्र उघडी दिसलेली प्रत्येक फाइल गळती धरू नका. ऑब्जेक्ट फाइली वाचणारी बीएफडी ही लायब्ररी वेग मिळावा म्हणून काही फाइली मुद्दाम उघड्या ठेवते आणि गरज पडली की आपणहून बंद करते. तिची संख्या एका पातळीला जाऊन थांबते, गळतीची थांबत नाही.

चौथी तपासणी: मुद्दाम वाकडं वागा

सरळ वाटेवर गळती क्वचितच असते, कारण ती वाट रोज चालवली जाते. गळती असते चुकीच्या वाटांवर. म्हणून चुका करून बघा आणि प्रत्येक चुकीनंतर हजेरी घ्या: नसलेल्या फाइलचं नाव द्या, शून्य बाइटची फाइल द्या, सिंबॉल वाचले जात असताना कंट्रोल-सी दाबा, जुन्या बिल्डचे सिंबॉल नव्या प्रोग्रॅमला लावा. अर्धवट कापलेली फाइल तर नक्की द्या. आमच्याकडे ती आयती मिळते. पावसाळ्यात खानापूरकडच्या साइटवर कॉपी चालू असताना लाइट गेली की अशी फाइल मागे राहते, आणि तिथल्याच मशीनवर हा दोष सगळ्यात आधी का दिसतो याचं उत्तरही त्यातच आहे.

ज्या चुकीनंतर यादी एकाने वाढते, तीच वाट दोषी. इथवरचं काम कोड न वाचता होतं, नवशिक्या मुलालाही देता येतं.

पाचवी तपासणी: कुणी उघडली आणि कुठे विसरली

आता हत्यारं लागतात. वॅलग्रिंड या तपासणीच्या साधनाला 'ट्रॅक-एफडीज' हा पर्याय 'येस' करून डीबगर चालवला तर शेवटी उघड्या राहिलेल्या प्रत्येक डिस्क्रिप्टरची यादी मिळते, तो कुठल्या ओळीवर उघडला गेला त्या कॉलस्टॅकसकट (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं त्या साखळीसकट). डीबगर खूप हळू होतो, पण कमी केलेली मर्यादा आणि दोषी वाट हाताशी असताना काही मिनिटं पुरतात.

एसट्रेसने (प्रोग्रॅमने कर्नलला केलेले कॉल टिपणाऱ्या साधनाने) फक्त ओपनअॅट आणि क्लोज हे दोन कॉल टिपायचे असतील तर डीबगरवर '-एफ' लावू नका. तो पर्याय डीबगरने जन्माला घातलेल्या प्रोसेसचाही पाठलाग करतो, आणि एका प्रोसेसला एका वेळी एकच ट्रेसर असू शकतो. एसट्रेसने तुमचा प्रोग्रॅम आधीच धरला तर डीबगरला तो धरताच येणार नाही आणि एक नवीनच बिघाड पदरी पडेल. '-एफ' शिवाय एकट्या डीबगरवर खुशाल लावा.

मग कोड उघडा. सापडतं ते बहुधा असं असतं. फंक्शनच्या सुरुवातीला एफओपन. पहिले चार बाइट वाचून ती ईएलएफ (लिनक्सवरच्या प्रोग्रॅमच्या साच्यातली) फाइल आहे का बघणं, नसेल तर एफक्लोज आणि रिटर्न. हेडर वाचणं, कमी पडलं तर एफक्लोज आणि रिटर्न. मेमरी मागणं, नाही मिळाली तर एफक्लोज आणि रिटर्न. ज्याने लिहिलं त्याने मन लावून लिहिलेलं असतं. आणि मग मध्येच एक साधी ओळ: सेक्शन वाचणाऱ्या दुसऱ्या फंक्शनला हाक. त्या फंक्शनच्या आत, ऑफसेट फाइलच्या लांबीपलीकडे गेला तर, एरर नावाचं फंक्शन बोलावलं जातं, आणि ते परत येत नाही. जुन्या सी मध्ये ते लाँगजंपने मधली फंक्शनं ओलांडून उडी मारायचं, आता एक्सेप्शन फेकतं. आपण वाचत असलेल्या पानावर रिटर्नही दिसत नाही, थ्रोही दिसत नाही. कापलेल्या फाइलचा ऑफसेट नेमका लांबीपलीकडे जातो. एफक्लोज खालीच राहतं.

इलाज: बंद करायचं काम माणसाकडून काढून घ्या

इथे आणखी एक एफक्लोज टाकायचा किंवा सगळ्याला ट्राय-कॅच गुंडाळायचा मोह होतो. नको. पुढच्या महिन्यात कुणीतरी बाहेर पडायची आणखी एक वाट काढणार, आणि तो तुमचं डोकं घेऊन जन्मलेला नसणार. डीबगर हा प्रोग्रॅमच असा आहे की त्यात चुकीची वाट हीच रोजची वाट. वापरणारा कधीही कंट्रोल-सी दाबतो, समोरचा प्रोग्रॅम कधीही मरतो, फाइल कधीही वेडीवाकडी असते. तिथे हाताने आवरणं टिकत नाही.

जीडीबीचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेला हा डीबगर कित्येक वर्षं सी मध्येच होता, आणि या दुखण्यावर त्यात क्लीनअपची साखळी असे. फाइल उघडली की 'ही नंतर बंद कर' अशी नोंद साखळीत टाकायची. काम संपलं की डू-क्लीनअप्स म्हणायचं, आणि एरर आली तर उडी मारण्याआधी साखळी आपोआप रिकामी केली जाई. विसरायच्या जागा कमी झाल्या, पण संपल्या नाहीत, कारण डू-क्लीनअप्स म्हणायचं हेही माणसालाच लक्षात ठेवावं लागे. २०१७ च्या ८.० आवृत्तीपासून जीडीबी बांधायला सी प्लस प्लस ११ चा कंपायलर सक्तीचा झाला आणि या साखळ्या एकेक करून काढत त्यांच्या जागी डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट मरताना आपोआप चालणारं फंक्शन) असलेले ऑब्जेक्ट आले.

तुमच्या कोडमध्येही साखळी असेल तर बदल जवळजवळ यांत्रिक आहे. डू-क्लीनअप्स जिथे आहे तिथे आता काहीच लिहायचं नाही, स्कोप संपला की मालक, म्हणजे फाइल ताब्यात ठेवणारा ऑब्जेक्ट, मरतो आणि फाइल बंद होते. खरी नजर लागते ती डिस्कार्ड-क्लीनअप्सवर. त्याचा अर्थ 'आता बंद करू नकोस, ही फाइल मी दुसऱ्याच्या हवाली करतोय'. तिथे मालकी मूव्ह करून परत द्या. ज्याला द्यायचंय तो अजून जुनाच सी कोड असेल तर रिलीज, म्हणजे फाइल बंद न करता मालकी सोडून देणं. हा फरक न बघता शोध-आणि-बदल केलात तर गळती जाऊन त्याजागी बंद झालेली फाइल वाचणारा कोड येईल.

फाइल पॉइंटरसाठी सी प्लस प्लसचा तयार मालक युनिक-पॉइंटर पुरतो, सोबत एफक्लोज करणारा छोटासा डिलीटर. डिलीटर रिकाम्या स्ट्रक्टच्या रूपात लिहा, फंक्शन पॉइंटर म्हणून देऊ नका, नाहीतर प्रत्येक मालकाचा आकार उगाच दुप्पट होतो. पॉइंटर नल असेल तर युनिक-पॉइंटर डिलीटरला हातच लावत नाही, त्यामुळे न उघडलेल्या फाइलची चिंता नको.

नुसत्या पूर्णांकी डिस्क्रिप्टरला मात्र युनिक-पॉइंटर शोभत नाही. तिथे ० हा वैध नंबर आहे आणि 'काही नाही' साठी -१ लागतो. दहाबारा ओळींचा स्वतःचा क्लास लिहा: आत एक पूर्णांक, कॉपी करायला बंदी, मूव्ह करताना जुन्याच्या हातात -१, डिस्ट्रक्टरमध्ये -१ नसेल तर क्लोज. आणि क्लोजने 'सिग्नलमुळे अडलो' असं सांगितलं तरी लिनक्सवर पुन्हा क्लोज करू नका. डिस्क्रिप्टर तेव्हा सुटलेलाच असतो.

मालक कुठे फसतात

या बदलात नवीन मुलं ज्या जागी अडखळतात त्या थोड्याच आहेत, पण प्रत्येक जागा डोकं पिकवते.

सगळ्यात घातक म्हणजे दोन मालक. पूर्णांकी डिस्क्रिप्टर आपल्या क्लासमध्ये ठेवला, मग त्यावर एफडीओपन (डिस्क्रिप्टरवरून फाइल पॉइंटर देणारं फंक्शन) करून फाइल पॉइंटर बनवला आणि तो युनिक-पॉइंटरमध्ये ठेवला. एफक्लोज आतला डिस्क्रिप्टरही बंद करतो, आणि मग आपला क्लास तोच नंबर पुन्हा बंद करतो. एकटा प्रोग्रॅम असेल तर कदाचित काहीच होणार नाही. पण ओपन नेहमी मोकळा असलेला सगळ्यात लहान नंबर देतं. दोन क्लोजच्या मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडने मशीनचं सॉकेट उघडलं तर त्याला नेमका तोच नंबर मिळतो आणि आपण त्याचं कनेक्शन तोडतो. भाड्याची खोली सोडून झाल्यावर पुन्हा एकदा हेस्कॉममध्ये (वीज कंपनीत) जाऊन 'मीटर काढा' म्हणावं आणि तोवर तिथे नवा भाडेकरू आलेला असावा, तसं. वर सांगितलेलं ते कमी दिसणारं लक्षण हेच. म्हणून एफडीओपन यशस्वी झालं की त्याच क्षणी डिस्क्रिप्टरच्या मालकाकडून रिलीज करून घ्या. हे काम क्लासच्याच एका फंक्शनमध्ये कोंडून टाकलेलं बरं, म्हणजे बाहेर कुणी विसरणार नाही. गळती आणि दुहेरी बंद यांतलं एक निवडायची वेळ आली तर मी गळती निवडेन. ती निदान संदेश तरी देते.

बिननावाचा मालक हा दुसरा चकवा. व्हेरिएबलला नाव न देता नुसता ऑब्जेक्ट बनवला तर तो त्याच ओळीच्या अर्धविरामाला मरतो आणि फाइल पुढच्या ओळीआधीच बंद. कंपायलर बऱ्याचदा गप्प राहतो. क्लासवर नोडिस्कार्ड ही खूण लावून ठेवा, म्हणजे तो इशारा देईल. तसंच गेट करून काढलेला कच्चा पॉइंटर कुठल्या ग्लोबल रचनेत ठेवू नका. मालक मेल्यावर तो शिल्लक राहतो.

क्रमही बघा. ऑब्जेक्ट ज्या क्रमाने जाहीर केले त्याच्या उलट क्रमाने मरतात. फाइलवर बसलेला पार्सर आधी आणि फाइलचा मालक नंतर जाहीर केला असेल तर फाइल आधी बंद होते आणि पार्सरचा डिस्ट्रक्टर मेलेल्या फाइलशी बोलायला जातो. फाइल वर, पार्सर खाली. एमएमॅपला (फाइल थेट मेमरीत मांडणाऱ्या कॉलला) ही अडचण नाही. मॅप झाल्यावर डिस्क्रिप्टर बंद केला तरी मॅप टिकतो, फक्त मॅपलाही वेगळा मालक द्या.

पोर्ट अडकण्याच्या तक्रारीचा इलाज थोडा निराळा. डीबगर नवा प्रोग्रॅम सुरू करताना फोर्क (स्वतःची प्रत काढणं) आणि एक्झेक (त्या प्रतीत नवा प्रोग्रॅम चढवणं) करतो, आणि उघडे डिस्क्रिप्टर पोराकडे वारशाने जातात. आपल्या मालकाने आपली बाजू नीट बंद केली तरी पोराकडची प्रत जिवंतच. फाइल उघडतानाच क्लोज-ऑन-एक्झेकचा झेंडा लावा. ग्लिबसीच्या एफओपनमध्ये मोडच्या अक्षरांत 'ई' जोडली की तेच होतं, सॉकेटसाठीही तसाच झेंडा आहे. हे सगळं प्रत्येक ठिकाणी लिहिण्यापेक्षा उघडणारं एकच फंक्शन ठेवा, ते झेंडा लावेल आणि परत देताना कच्चा पॉइंटर न देता मालकच देईल. जीडीबीतही हीच पद्धत आहे.

लिहायच्या फाइलींना जास्तीची काळजी. डिस्ट्रक्टरमधलं एफक्लोज फसलं तर ते कुणाला कळतच नाही, आणि डिस्क भरल्याचं बहुधा बफर बाहेर ढकलतानाच समजतं. सेशन लॉग किंवा ट्रेस लिहून झाल्यावर एफफ्लश करा, निकाल बघा, मग मालकाला मरू द्या. डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन फेकून ही चूक कळवायचा विचार कुणी केला तर त्याला अडवा. सी प्लस प्लस ११ पासून डिस्ट्रक्टर आपसूक नोएक्सेप्ट असतात, फेकलं की प्रोग्रॅम तिथेच संपतो.

आणि ज्या कोडमध्ये अजून लाँगजंप शिल्लक आहे तिथे यातलं काही आणू नका. डिस्ट्रक्टर असलेल्या ऑब्जेक्टवरून लाँगजंपने उडी मारली तर काय होईल याची भाषा हमी देत नाही, बहुधा डिस्ट्रक्टर चालतच नाही. आधी उड्या काढा. सी मधल्या लायब्ररीला दिलेल्या कॉलबॅकमधून (लायब्ररीने परत बोलवायच्या आपल्या फंक्शनमधून), समजा आज्ञेची ओळ वाचणाऱ्या रीडलाइनच्या, एक्सेप्शन बाहेर जाऊ देणंही तसंच. कॉलबॅकच्या आत पकडा, बाजूला ठेवा, लायब्ररीतून परत आल्यावर पुन्हा फेका.

बदल एका कमिटमध्ये एका फंक्शनपुरताच करा. प्रत्येकानंतर ४० ची मर्यादा, चौथ्या तपासणीतल्या चुका आणि हजेरी. अख्खा कोड एका रविवारी बदलणाऱ्यांचे सोमवार मी बघितलेत.

कुठे थांबायचं

गिऱ्हाइकाच्या चालू मशीनवर यातलं काहीही करू नका. तिथे डीबगर अडला म्हणून किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने ठार करणारी आज्ञा) मारायचा हात आवरा. आपला ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) सुद्धा परत आवरून ठेवायची वस्तू आहे. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर डीबगर मूळ सूचनेचा पहिला बाइट काढून तिथे सीसी हा बाइट ठेवतो. डीबगर ठार झाला की कर्नल प्रोग्रॅमला मोकळं सोडतो, पण ते बाइट कुणी परत ठेवत नाही. कंट्रोल प्रोग्रॅम त्या ओळीवर पोचला की सिगट्रॅप या सिग्नलने मरतो, प्रेस त्या वेळी कुठल्याही स्थितीत असो. -९ सिग्नलपुढे कुठलाही डिस्ट्रक्टर चालत नाही, त्यामुळे वरच्या इलाजाचाही इथे उपयोग शून्य. मशीनचं काम बघणाऱ्या इंजिनिअरला बोलवा, मशीन सुरक्षित स्थितीत आणून वीज तोडून घ्या, मग डीबगर डिटॅच होतो का बघा.

वॅलग्रिंडचा कॉलस्टॅक बाहेरून विकत घेतलेल्या बंद लायब्ररीत किंवा प्रोबच्या (डीबगर मशीनला जोडणाऱ्या उपकरणाच्या) ड्रायव्हरमध्ये शिरत असेल तरी थांबा. दुसऱ्याने उघडलेला डिस्क्रिप्टर आपण नंबर ओळखून बाहेरून बंद करणं म्हणजे पुन्हा तोच दुहेरी बंदचा खेळ. एर्नो २३ येत असेल तर मशीन सांभाळणाऱ्या अॅडमिनकडे जा, कोडमध्ये शोधू नका. हजेरी स्थिर आहे आणि तरी ओळी भलत्या फाइलमध्ये जात आहेत, शिवाय डीबगरमध्ये अनेक थ्रेड आहेत, तर थ्रेडच्या शर्यती कोळून प्यालेला माणूस शोधा. तिथे छपाईच्या ओळी टाकून शोधायला गेलं की वेळेचं गणित बदलतं आणि दोष लपतो.

ज्याच्याकडे पाठवाल त्याला एवढं द्या: एर्नोचा आकडा, 'यूलिमिट -एन' चं उत्तर, एका फेरीच्या आधीची आणि नंतरची 'एफडी' फोल्डराची यादी, दोष उठवणारी ती कापलेली फाइल, आणि वॅलग्रिंडचा निकाल असेल तर तो. "दुपारनंतर चालत नाही" एवढंच लिहून पाठवलंत तर तोही पहिल्या तपासणीपासूनच सुरू करेल, आणि तासाचे पैसे लावेल.